इंदूरची प्लेगविरोधी मिरवणूक

प्लेग हा उंदरांवरील पिसवांमार्फत माणसांत पसरणारा जिवाणूजन्य रोग होय. १८९७ मध्ये पुण्यात त्याच्या निर्मूलनासाठी सक्तीच्या घरझडत्या झाल्या आणि जनक्षोभ उसळला. इंदूरने निराळा मार्ग धरला. होळकर दरबाराने निमंत्रिलेले स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१७ च्या दिवाळीत मिरवणूक योजली. सर्वांत स्वच्छ रस्त्यांवरूनच ती जाईल, असे जाहीर होताच नागरिकांनी घरे झाडली, डागडुजी केली, उंदीर पकडले व गाड्या भरून कचरा हलवला. उंदरांचा आसरा तुटला की पिसवांचाही तुटतो. मिरवणुकीतील राक्षस व महाकाय उंदीर यांच्या प्रतिमांचे अखेरीस दहन झाले. १९१८ च्या अहवालात गेडिस यांनी सरसकट पाडापाडीऐवजी निवडक दुरुस्तीचा आग्रह धरला. रोगनिर्मूलनात धाकापेक्षा लोकसहभाग मोलाचा, ही या उपक्रमाची शिकवण.