पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर संरक्षक गॉगल : आधार हवा, डोळ्यावर दाब नको

सिरुसेरी (चेन्नई) : पापणीची शस्त्रक्रिया करून घरी परतलेल्या रुग्णाला सूज आणि काळेनिळेपणा लवकर उतरावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. त्यासाठी पट्ट्याने डोक्याभोवती बसवायचे, थंड जेल किंवा मऊ गाद्या असलेले गॉगल आता सहज विकत मिळतात. धक्का, धूळ आणि झोपेत नकळत डोळे चोळणे यांपासून ते संरक्षण देतात. परंतु त्यांचा दाब नेत्रगोलावर पडला किंवा त्यांच्याआड दृष्टीतील बिघाड लपून राहिला, तर हेच साधन अपायकारक ठरू शकते. त्यामुळे गॉगल वापरावा की नाही, वापरल्यास किती वेळ आणि किती सैल, हे शस्त्रक्रियेपूर्वीच डॉक्टरांकडून समजून घेणे आवश्यक असते.

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम मार्गालगत असलेल्या सिरुसेरीत सिपकॉटचे माहिती-तंत्रज्ञान उद्यान आहे. देशाच्या विविध भागांतून नोकरीसाठी आलेली तरुण मंडळी या परिसरात राहतात. घरची माणसे दूर असलेल्या अशा रुग्णाला शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र बहुधा सहकाऱ्याच्या सोबतीने काढावी लागते. उष्ण व दमट हवा, दुचाकीचा प्रवास, वातानुकूलित कार्यालय आणि दिवसभर संगणकासमोरचे काम यांचाही विचार त्याला करावा लागतो.

शस्त्रक्रिया कशासाठी

खाली झुकलेली पापणी उचलणे, दृष्टीआड येणारी सैल कातडी काढणे, आत वा बाहेर वळलेली पापणी सरळ करणे, गाठ काढणे किंवा अपघातात फाटलेली पापणी सांधणे, अशा कारणांसाठी ही शस्त्रक्रिया होते. ती नवी नाही. पापणीचे केस आत वळून डोळ्याला टोचू लागतात, त्या विकारावर पापणीची यवाच्या आकाराची कातडी काढून टाके घालण्याचा उपचार सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आला आहे. आधुनिक वैद्यकात रूढ असलेली ‘ब्लेफॅरोप्लास्टी’ ही संज्ञा जर्मन शल्यचिकित्सक कार्ल फर्डिनांड फॉन ग्रेफे यांनी १८१८ साली वापरली.

पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचांपैकी एक असून तिची जाडी एक मिलिमीटरपेक्षाही कमी असते. तिच्याखालील ऊती सैल असल्याने तेथे पाणी व रक्त चटकन साठते. म्हणूनच शस्त्रक्रिया लहान असली तरी सूज मोठी दिसते. ती पहिल्या दोन-तीन दिवसांत वाढते आणि पुढील एक ते दोन आठवड्यांत बहुतांशी ओसरते.

तीन साधने, तीन उपयोग

बाजारात एकाच नावाने मिळणाऱ्या या साधनांचे साधारण तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार कडक, पारदर्शक कवचाचा. ते भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकते व डोळ्याला स्पर्श करीत नाही. झोपताना प्रामुख्याने तेच दिले जाते. दुसरा प्रकार थंड जेलच्या मुखवट्याचा. तो थोड्या वेळापुरता शेक घेण्यासाठी असतो. तिसऱ्या प्रकारात मऊ गाद्या पट्ट्याच्या ताणाने पापण्यांवर हलका दाब देतात. खरी सावधगिरी या तिसऱ्या प्रकाराबाबत बाळगावी लागते.

त्वचेचे रोपण झाले असल्यास डॉक्टर स्वतः दाबाची पट्टी बांधतात. ती मोजून-मापून, ठरावीक काळासाठी बांधलेली असते. रुग्णाने ती आपल्या मनाने सोडू नये. तसेच तिचे अनुकरण म्हणून घरी घट्ट गॉगलही लावू नये.

दाब धोकादायक का ठरतो

पापणीच्या शस्त्रक्रियेनंतरचा सर्वांत गंभीर धोका नेत्रगोलामागे रक्तस्राव होण्याचा असतो. डोळ्याची खोबण हाडांनी वेढलेली असल्याने तेथे साठणाऱ्या रक्ताला पसरण्यास जागा नसते. वाढता दाब दृष्टिचेता आणि दृष्टिपटल यांचा रक्तपुरवठा तोडतो. अमेरिकेतील तज्ज्ञ शल्यचिकित्सकांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, सौंदर्यविषयक पापणी-शस्त्रक्रियांनंतर असा रक्तस्राव सुमारे २,००० रुग्णांत एकाला आणि कायमचा दृष्टिनाश सुमारे २२,००० रुग्णांत एकाला झाल्याचे आढळले. बहुतेक रक्तस्राव पहिल्या २४ तासांतच झाले होते.

हा धोका विरळ आहे. मात्र उपचारासाठी मिळणारा अवधी अत्यंत थोडा असतो. रक्तपुरवठा थांबल्यास सुमारे दीड ते दोन तासांत दृष्टीची कायमची हानी होऊ शकते. दोन्ही डोळे घट्ट झाकलेले असतील, तर दृष्टी मंदावल्याचे रुग्णाला कळतच नाही, आणि पट्टा घट्ट असल्यास वाढती वेदना गॉगलमुळेच होत असावी, असा समज होतो. म्हणून पहिल्या २४ तासांत डोळे सतत झाकून ठेवणारे कोणतेही साधन स्वतःच्या निर्णयाने वापरू नये.

बाहेरील दाबाचा डोळ्यावर परिणाम होतो, हे पोहण्याच्या गॉगलच्या अभ्यासातूनही दिसले आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांच्या २००८ सालच्या अभ्यासात असे गॉगल लावल्यावर डोळ्यातील दाब सरासरी सुमारे ४.५ मिलिमीटर पाऱ्याने वाढला. सर्वसाधारणपणे हा दाब १० ते २१ मिलिमीटर असतो. निरोगी डोळा एवढी वाढ सोसतो. काचबिंदू असलेल्या किंवा त्याची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याबाबत तसे गृहीत धरता येत नाही. पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर पोहण्याचा गॉगल पर्याय म्हणून वापरणे त्यामुळे अयोग्य ठरते.

गॉगल कसा लावावा

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर प्रथम साबणाने हात धुवावेत. मलम लावायचे असल्यास ते आधी लावावे. पट्टा पूर्ण सैल करून गॉगलचा पुढचा भाग हाडाच्या कडांवर टेकवावा आणि मगच पट्टा डोक्यामागे घ्यावा. गॉगल घसरणार नाही एवढाच ताण पुरेसा असतो. पट्ट्याखालून बोट सहज फिरले पाहिजे. पापण्यांचे केस काचेला लागू नयेत आणि गॉगलची कड टाक्यांवर येऊ नये. काढताना आधी पट्टा सैल करावा व गॉगल सरळ पुढे उचलावा. तो कपाळावर सरकवल्यास ताजे टाके ओढले जातात.

जागेपणी पहिल्या दिवशी दर तासाला गॉगल काढून दृष्टी तपासावी. एक डोळा हाताने न दाबता झाकावा आणि दुसऱ्याने वर्तमानपत्रातील मथळा वाचावा. नंतर डोळा बदलावा. मलमामुळे येणारा धूसरपणा पापण्यांची हळूवार उघडझाप केल्यावर कमी होतो. तो न जाता वाढत गेल्यास तत्काळ डॉक्टरांशी संपर्क साधावा. गॉगल काढल्यानंतर त्वचेवर खोल वळ राहत असतील, डोके दुखत असेल किंवा पापणी बधिर वाटत असेल, तर तो घट्ट आहे असे समजावे.

थंड शेकाची मर्यादा

थंड शेक साधारणपणे पहिल्या ४८ तासांत, एका वेळी १० ते १५ मिनिटे दिला जातो. जेलचा मुखवटा बर्फाच्या कप्प्यात गोठवू नये. फ्रीजच्या खालच्या भागात गार करून स्वच्छ, कोरड्या मऊ कापडावरून ठेवावा. भुलीचा अंमल असेपर्यंत त्वचेला अतिथंडपणा जाणवत नाही, त्यामुळे तिला इजा होण्याची शक्यता असते. नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वरच्या पापणीच्या शस्त्रक्रियेनंतर थंड शेकाने दुसऱ्या दिवशीची वेदना कमी झाली. सूज व रक्त साकळणे यांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. अधिक थंड किंवा अधिक घट्ट केल्याने डोळा अधिक लवकर बरा होतो, हा समज म्हणूनच टाळावा. उशा रचून डोके उंच ठेवून झोपणे, हा सूज कमी करण्याचा साधा आणि निर्धोक उपाय आहे.

दमट हवा आणि स्वच्छता

सिरुसेरीसारख्या किनारपट्टीजवळच्या भागात बंद गॉगलच्या आत घाम व वाफ साचते. ओलसर त्वचा सोलवटते आणि टाक्यांत जंतुसंसर्ग होऊ शकतो. गॉगल अधूनमधून काढून त्वचा कोरडी होऊ द्यावी. तो रोज सौम्य साबणाने धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा आणि इतर कोणालाही वापरण्यास देऊ नये. डोळे येण्याच्या साथीला चेन्नईत ‘मद्रास आय’ म्हणतात. अशी साथ सुरू असताना सामाईक टॉवेल, उशी किंवा गॉगल यांतून संसर्ग सहज पसरतो.

टाके साधारणपणे पाच ते सात दिवसांनी काढतात. तोवर दुचाकी चालवणे टाळावे. पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घालताना व काढताना पापणी ओढली जाते आणि हेल्मेटखालील गॉगल डोळ्यावर दाबला जातो. उन्हात जाताना दाब न देणारा साधा, रुंद काळा चष्मा पुरेसा असतो. संगणकासमोर पापण्यांची उघडझाप कमी होऊन डोळे कोरडे पडतात, म्हणून काम थोड्या-थोड्या वेळाने थांबवावे. कॉन्टॅक्ट लेन्स, पोहणे आणि जड वजन उचलणे डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सुरू करू नये. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, तसेच उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा चेहऱ्याचा पक्षाघात असलेल्यांनी ही माहिती शस्त्रक्रियेपूर्वीच द्यावी. अशी औषधे परस्पर बंद करणेही धोक्याचे असते.

केव्हा थांबू नये

एकाच डोळ्यातील झपाट्याने वाढणारी तीव्र वेदना, दृष्टी अंधुक होणे, एकाची दोन दिसणे, डोळा पुढे येणे किंवा दगडासारखा कठीण लागणे, पापणी अचानक फुगणे, न थांबणारा रक्तस्राव, ही आणीबाणीची लक्षणे होत. अशा वेळी गॉगल त्वरित काढावा, डोके उंच ठेवावे आणि थेट रुग्णालय गाठावे. पू येणे, ताप किंवा पसरत जाणारी लाली दिसल्यासही त्याच दिवशी तपासणी करून घ्यावी.

चेन्नईत नेत्रोपचाराची परंपरा जुनी आहे. एग्मोर येथील शासकीय नेत्र रुग्णालय १८१९ साली सुरू झाले, तर शंकर नेत्रालयाची स्थापना १९७८ साली झाली. परंतु सिरुसेरीपासून एग्मोरचे अंतर ३० किलोमीटरहून अधिक आहे आणि गर्दीच्या वेळी जुन्या महाबलीपुरम मार्गावर बराच वेळ मोडतो. दीड-दोन तासांचा अवधी लक्षात घेता, रात्री कोणत्या रुग्णालयात नेत्रतज्ज्ञ उपलब्ध असतात, हे आधीच विचारून ठेवावे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा आपत्कालीन क्रमांक आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक सोबतच्या व्यक्तीकडेही असावा. पहिल्या रात्री रुग्णाने एकटे राहू नये. सोबतच्या व्यक्तीने रुग्णाला अधूनमधून गॉगल काढायला लावून नीट दिसते आहे ना, एवढे विचारले, तरी संकटाची चाहूल वेळेत लागू शकते.