निवृत्तीनंतरचा पैसा, घर आणि दिवस : घाटंजीसारख्या गावात तयारी कशी करावी?

यवतमाळ जिल्ह्यातला घाटंजी तालुका कापसाचा. इथे दोन तऱ्हेची म्हातारपणं शेजारी-शेजारी राहतात. शिक्षक, लिपिक, तलाठी यांना निवृत्तीची तारीख नोकरी लागते त्याच दिवशी ठाऊक असते. राज्य शासनात ती बहुतेकांसाठी वयाच्या ५८व्या वर्षी आणि गट ‘ड’साठी ६०व्या वर्षी येते. शेतकऱ्याला मात्र तारीखच नसते, गुडघे थांबवतील तेव्हा तो थांबतो.

एका बाबतीत शेतकरी नोकरदारापेक्षा तयार असतो. दिवाळीनंतर कापूस विकून आलेला पैसा पुढच्या हंगामापर्यंत पुरवायची त्याला सवय असते. नोकरदाराने आयुष्यभर महिन्याचा पगार सांभाळलेला असतो. उपदान, रजा रोखीकरण, भविष्य निर्वाह निधी अशी मोठी रक्कम त्याच्या खात्यात पहिल्यांदाच एकत्र जमा होते, आणि ती अख्ख्या नात्यागोत्याला कळलेली असते. मुलाचा फ्लॅट, पुतण्याचा धंदा, ओळखीच्या माणसाची ‘दोन वर्षांत दुप्पट’ योजना असे सगळे त्याच महिन्यात दारात येतात. म्हणून ही रक्कम कुठे ठेवायची, हे निवृत्तीच्या वर्षभर आधी पती-पत्नीने मिळून कागदावर लिहून ठेवावे. पैसे आल्यावर ठरवायला बसले की दुसरेच लोक ठरवतात.

हिशोब महिन्याच्या खर्चापासून सुरू करावा. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर आज २५,००० रुपयांत चालणाऱ्या घराला १२ वर्षांनी सुमारे ५०,००० लागतील. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांच्या जुन्या निवृत्तिवेतनावर महागाई भत्ता वाढत जातो, त्यामुळे त्यांना हा फटका कमी बसतो. त्यांनी विचार करायचा तो अंशराशीकरणाचा. निवृत्तिवेतनाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, पण पूर्ण निवृत्तिवेतन पुन्हा सुरू व्हायला १५ वर्षे लागतात. हातात ठोस गरज नसेल, तर केवळ सगळे घेतात म्हणून ते घेऊ नये.

नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचा मामला वेगळा. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत साठलेल्या रकमेपैकी किमान ४० टक्क्यांची वार्षिकी घ्यावी लागते, आणि ती सहसा महागाईबरोबर वाढत नाही. राज्याने २०२४ मध्ये शेवटच्या पगाराच्या ५० टक्क्यांपर्यंत निवृत्तिवेतन देणारा सुधारित पर्याय आणला. आपण कोणता पर्याय दिला आहे आणि तो सेवापुस्तकात नोंदला आहे का, हे सेवेत असतानाच पाहून घ्यावे.

एकरकमी पैशासाठी पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना बरी. मर्यादा ३० लाख, मुदत ५ वर्षे, व्याज दर तिमाहीला. २०२५ मध्ये दर ८.२ टक्के होता. म्हणजे १० लाखांवर तिमाहीला २०,५०० रुपये. ५८व्या वर्षी निवृत्त झालेल्यांनाही ती घेता येते, मात्र निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत.

ज्यांना निवृत्तिवेतन नाही, त्यांच्यासाठी चाळिशीच्या आत हालचाल हवी. अटल पेन्शन योजना आणि दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांची मानधन योजना या दोन्हींत १८ ते ४० वयातच नाव घालता येते. मानधन योजनेत वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये भरून साठीनंतर ३,००० रुपये मिळतात. उशीर झालेल्यांना उरते ती श्रावणबाळ योजना : वय ६५, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत आणि महिना १,५००. एवढ्यात म्हातारपण निभत नाही.

मग खरी ठेव उरते शेती, आणि सगळ्यात जास्त घरे तिथेच फसतात. सातबारा मुलांच्या नावावर झाला की बापाचा आवाज उतरतो, हे गावोगाव पाहायला मिळते. वाटणी करायचीच असेल तर एक तुकडा आणि राहते घर दोघांच्या हयातीपर्यंत स्वतःकडे ठेवावे. बाकीचे मृत्युपत्राने द्यावे. बक्षीसपत्र करायचेच असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहावी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यानुसार ती अट मोडल्यास बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. शेजाऱ्यांकडे तक्रार करत बसण्यापेक्षा हा मार्ग सरळ आहे.

दवाखान्याचा खर्च वेगळा धरावा. मोठा आजार निघाला की घाटंजीतून यवतमाळ, नाहीतर नागपूर. गाडीभाडे आणि सोबतच्या माणसाचा मुक्काम यातच बराच पैसा जातो. सत्तरी ओलांडलेल्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारतचे कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. कार्ड आजारपणाआधीच काढून ठेवावे.

राहिला प्रश्न सकाळी दहा वाजण्याचा. पुण्याला मुलाकडे कायमचे जायचे असेल, तर आधी दोन-तीन महिने राहून पाहावे, घाटंजीचे घर मोडू नये. तिथे नातू शाळेत गेल्यावर दिवसभर बोलायला कोणी नसते. इथे पानठेल्यावरही तास निघतो. निवृत्त माणूस घरात बसला की पत्नीचे काम वाढते, तिची निवृत्ती मात्र कोणीच धरत नाही. स्वयंपाकघरातला एखादा वेळ नवऱ्याने स्वतःकडे घ्यावा.

आणि पत्नीला बँकेत घेऊन जावे. निवृत्तिवेतनाचे खाते शक्यतो संयुक्त असावे, पासबुक कुठे आहे, वारस म्हणून कोणाचे नाव आहे, कुटुंब निवृत्तिवेतनासाठी कोणते कागद लागतात हे तिला माहीत हवे. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायला जाताना तिला सोबत नेले, की एक-दोन वर्षांत ती एकटीने सगळे करू शकते.