पालवणकर बंधू आणि हिंदू संघाचे कर्णधारपद

गावाच्या नावास ‘कर’ हा प्रत्यय जोडून आडनाव करण्याची चाल कोकणात सर्वत्र आढळते. पेणचे ते पेणकर, रोह्याचे ते रोहेकर. अशा आडनावावरून गाव कळते. जात कळतेच असे नाही. पालवण या गावावरून आलेले पालवणकर हे आडनाव याच घडणीचे होय. धावफलकावर ते वाचणाऱ्या परक्यास त्या घराची जात कळण्यास मार्ग नव्हता. ज्या हिंदू संघाकडून पालवणकर बंधू खेळत, त्यास मात्र ती पुरती ठाऊक होती.

बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात मैदान झाडण्याचे व खेळपट्टीवर रोलर फिरविण्याचे काम त्यांना मिळाले. वेतन दरमहा ३ रुपये. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात ते ४ रुपयांवर लागले. तेथे जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज सरावासाठी त्यांच्याकडून तासन्तास गोलंदाजी करवून घेई, आणि आपणांस बाद केल्याबद्दल प्रत्येक वेळी आठ आणे देई, असे सांगतात. बाळूंच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. ज्याचे हात गोलंदाजीस चालतात त्याचे फलंदाजीस का चालू नयेत, हा प्रश्न त्या क्लबात कोणास पडलेला दिसत नाही.

पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले ते वादविवादानंतरच. मैदानावर एकच चेंडू सर्वांच्या हातांतून फिरे. चहाच्या वेळी बाळूंचा चहा मात्र मातीच्या पात्रात, तंबूबाहेर. जेवणाचे ताटही वेगळे असे. या व्यवस्थेतील विसंगती इतकी उघड होती की तिच्यावर भाष्याची गरज नाही.

मुंबईत आल्यावर ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला. त्या सामन्यात बाळूंचे ८ बळी होते व धाकटे बंधू शिवराम हेही संघात होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेला संघ बहुतेक सामने हरला. पराभवाच्या त्या मालिकेतही बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले, सरासरी १८·८४.

असे असूनही कर्णधारपद त्यांच्या वाट्यास आले नाही. ‘कर्णधार’ या शब्दाचा मूळ अर्थ सुकाणू धरणारा. वल्हे मारण्यास बाळू हवे होते, सुकाणूपाशी नको. अमेरिकेतही हाच क्रम दिसतो: जॅकी रॉबिन्सन १९४७ साली प्रमुख बेसबॉल संघात उतरला, परंतु अशा संघाचा पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक १९७५ साली झाला. येथे बाळूंच्या बंधूंनी तो क्रम मुकाट्याने सोसला नाही. १९२० साली बाळूंना वगळून, विठ्ठल यांचा हक्क डावलून, कर्णधारपद दि. ब. देवधर यांना देण्यात आले, तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. पुढच्याच सामन्यात बाळू उपकर्णधार झाले; वय ४४. कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर गेले असता संघाचे नेतृत्वही त्यांनी केले.

१९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्याच वर्षी सी. के. बोले यांचा, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने संमत केला. पेण व रोहे हे तालुके ज्या कुलाबा जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यातील महाडच्या तळ्याचे पाणी १९२७ साली डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांनी प्राशन केले, आणि त्याबद्दल त्यांना मार खावा लागला. मैदान मोकळे झाले म्हणून पाणवठा मोकळा झाला नव्हता.

आंबेडकरांचा मार्ग बाळूंनी पत्करला नाही. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांस १३,२४५ मते पडली, बाळूंस ११,२२५. त्यांचे निधन १९५५ साली झाले.