टॉलस्टॉय फार्मवरील घरकाम

शहर सोडून खेड्यात राहावयास जाण्याची कल्पना पुष्कळांना गोड वाटते. फळबाग, मोकळी हवा आणि शांतता एवढेच चित्र मनासमोर असते. पाणी कोणी आणावयाचे, दळण कोणी दळावयाचे, शौचकूप कोणी साफ करावयाचा, हे प्रश्न तेथे बिऱ्हाड मांडल्यावरच उभे राहतात. दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

ट्रान्सवालमधील हिंदी लोकांनी सक्तीच्या नोंदणीच्या कायद्याविरुद्ध १९०७ साली लढा आरंभिला. पुरुष तुरुंगात गेले की कुटुंबे उघड्यावर पडत; प्रत्येक घरास वेगळे साहाय्य देणे सत्याग्रहाच्या निधीस पेलवेना. तेव्हा गांधीजींचे स्नेही हर्मन कॅलनबाख यांनी जोहान्सबर्गपासून २१ मैलांवरील आपली सुमारे ११०० एकर जमीन ३० मे १९१० रोजी सत्याग्रहींच्या विनामूल्य उपयोगासाठी दिली. कॅलनबाख ज्यू होते, व्यवसायाने वास्तुशिल्पज्ञ होते आणि ऐषारामात वाढलेले होते. जमिनीवर सुमारे हजार फळझाडे व एक लहानसे घर होते. बाकीचे सारे उभारावयाचे होते.

तेथे आलेल्यांत हिंदू, मुसलमान, पारशी आणि ख्रिस्ती होते. गुजराती, तामीळ, तेलुगू आणि उत्तर हिंदुस्थानी होते. बहुतेक जण शहरातील जीवनास सरावलेले. गांधीजींनी लिहून ठेविले आहे, की स्वयंपाकापासून मैला साफ करण्यापर्यंतचे प्रत्येक काम तेथील रहिवासीच करीत, नोकर नव्हते. झऱ्याचे पाणी कावडीने आणावे लागे. स्वयंपाकघर एकच, पंगत एकच. ज्याचे ताट त्याने धुवावयाचे. मोठी भांडी पाळीपाळीने घासावयाची. पाव घरी दळलेल्या कोंड्यासकट पिठाचा. खड्डे खणणे, लाकूड तोडणे, ओझी वाहणे यांत मुलांचाही मोठा वाटा असे. परंतु जे काम शिक्षक स्वतः करीत नाहीत ते मुलांस सांगावयाचे नाही, असा दंडक होता. मैला उथळ चरात पुरून वर माती लोटीत. त्यामुळे दुर्गंधी नाही, माश्या नाहीत, आणि शेताला सोनखत मिळे.

हे सारे एका दिवसात साधले नव्हते. जोहान्सबर्गच्या घरी असतानाच गांधीजींनी ७ पौंडांस एक लोखंडी चाकाचे हातजाते घेतले होते व घरची माणसे ते फिरवीत. त्याही आधीचा एक प्रसंग मात्र वेदनादायक आहे. १८९८ च्या सुमारास दरबान येथे त्यांच्या घरी एक ख्रिस्ती कारकून राहावयास होता. त्याचे आईवडील अस्पृश्य मानलेल्या जातीतले. त्याचे मूत्रपात्र उचलण्याचा प्रसंग कस्तुरबांवर आला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ‘हे काम हसतमुखाने केले पाहिजे’ असा पतीचा आग्रह होता आणि तो आग्रह इतका चढला, की गांधीजींनी त्यांना हात धरून दारापर्यंत ओढीत नेले. आत्मकथेत त्यांनी हे स्वतःच लज्जेने नोंदविले आहे.

या प्रसंगात आपल्याला दुहेरी बोध आहे. ख्रिस्ती झालेल्या माणसाच्या मागेही जातीचा विटाळ त्या घराच्या खोलीपर्यंत येऊन पोहोचला होता, हे एक. आणि समतेचे तत्त्व कितीही उदात्त असले तरी ते दुसऱ्याच्या, विशेषतः पत्नीच्या, पाठीवर लादले तर त्याचा जुलूम होतो, हे दुसरे. बारा वर्षांनी फार्मवर तेच काम साऱ्यांच्या हाती आले, तेव्हा ते कोणा एकाच्या वाट्याचे राहिले नाही.

आपल्या वाचकांना आणखी एक धागा जवळचा वाटेल. दरबानजवळ मरियनहिल येथे १८८२ साली फ्रान्झ फॅनर यांनी ट्रॅपिस्ट मठ स्थापिला होता. गांधीजींनी १८९५ साली त्याविषयी इंग्लंडमधील ‘व्हेजिटेरियन’ पत्रात लेख लिहिला. तेथील मौन, शाकाहार आणि मठवासीयांच्या हातची सुतारकाम, लोहारकाम, चर्मकाम यांची कर्मशाळा त्यांच्या मनात घर करून राहिली. पुढे फार्मवर चपला बनविण्याचे ठरले, तेव्हा कॅलनबाख याच मठात जाऊन ती कला शिकून आले. त्यांच्याकडून गांधीजी शिकले व त्यांनी इतरांस शिकविले. आपल्याकडे ज्या कामास हीन लेखले गेले, ते एका ज्यू गृहस्थाने कॅथलिक संन्याशांकडून शिकून एका वैष्णव बॅरिस्टरास दिले!

ट्रॅपिस्ट ज्या संत बेनेडिक्टच्या नियमावलीने चालतात, तिच्यात बंधूंनी आठवड्याच्या पाळीने स्वयंपाकघरात सेवा करावी असे सांगितले आहे. आजारी वा अन्य आवश्यक कामात गुंतलेल्याखेरीज कोणास सूट नाही. मठाची भांडी वेदीवरील पात्रांप्रमाणे जपावीत, असेही त्यात आहे. सहाव्या शतकातील ही शिकवण आहे.

१९१३ च्या आरंभी गांधीजी फिनिक्सला गेले आणि फार्मचा तो अध्याय संपला. परंतु तेथील रीत त्यांच्याबरोबर हिंदुस्थानात आली. १९३६ साली वर्ध्याजवळ शेगावला, म्हणजेच पुढच्या सेवाग्रामला, ते राहावयास गेले तेव्हाही ग्रामसफाई हे तेथील पहिल्या कामांपैकी एक होते.

आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबांत सायंप्रार्थना एकत्र होते, ही आनंदाची गोष्ट. प्रार्थना आटोपल्यावर मोरीतली भांडी कोणाची वाट पाहत असतात, याचाही त्याच कुटुंबाने एकत्र बसून विचार करावा.