यात्रेकरू आणि यात्राकर

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे निघाले की वाटेत ओरत्तनाडु लागते. तिथे मुक्तांबाळ छत्र आहे. छत्र म्हणजे वाटसरूंना उतरायला जागा आणि फुकट जेवण देणारी संस्था. आपल्याकडची धर्मशाळा आणि अन्नछत्र एका छपराखाली आणले तर जे होईल, ते. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२ च्या सुमारास आपल्या लाडक्या मुक्तांबाळच्या नावाने हे छत्र घातले. तंजावरच्या भोसल्यांची अशी छत्रे रामेश्वराच्या वाटेवर ठिकठिकाणी होती. त्यांतल्या कित्येकांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावे होती. सेतुबावाछत्रम् हे किनाऱ्यावरचे गाव आजही नावातच छत्र बाळगून आहे.

या छत्रांत काय चाले, ते सरफोजींनीच लिहून ठेवले आहे. १८०१ च्या सुरुवातीला त्यांनी कंपनी सरकारचे तंजावरमधले रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना एक लांबलचक पत्र पाठवले. ब्राह्मणापासून परयापर्यंत जो येईल त्याला, जोगी, जंगम, अतीत, बैरागी यांना शिजवलेला भात मिळतो, असे ते सांगतात. ज्याला शिजवलेले चालत नाही त्याला शिधा मिळतो. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालते. मग घंटा वाजवतात आणि अजून कोणी जेवायचे राहिले असेल तर यावे, अशी हाळी देतात. प्रवासी आजारी पडला तर औषध आणि पथ्याचे अन्न मिळते, बरा होईपर्यंत त्याला ठेवून घेतात. छत्रात बाळंत झालेल्या बाईचा खर्च छत्र करते आणि तिला पुढे काही महिने राहता येते. वाटेत आईबाप गेलेल्या पोरांना पंतोजींच्या हवाली करतात. त्यांना जेवू घालतात, चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाऊ घालतात, शिकवतात आणि शिकून मोठी झाली की लग्नाचा खर्चही उचलतात.

हे पत्र लिहिण्याची वेळ का आली? १७९९ च्या ऑक्टोबरातल्या तहाने सरफोजींनी राज्याचा कारभार कंपनीला देऊन टाकला होता. त्यांच्याकडे राहिले ते दरसाल एक लाख होनांची नेमणूक, निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा आणि किल्ला. छत्रे ज्या गावांच्या उत्पन्नावर चालत, ती गावे आता कंपनीच्या हिशेबात जाण्याची भीती होती. राज्य गेल्याबद्दल या पत्रात फारशी तक्रार नाही. आपल्या मुलुखाला लोक धर्मराज्य म्हणतात, हा किताब आपल्याला सगळ्यांत मोलाचा वाटतो आणि तो राहू द्यावा, एवढेच मागणे आहे. ते मान्य झाले. छत्रांची व्यवस्था राजाकडे राहिली.

आता त्याच काळातले दुसरे भोसले पाहू. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात ओडिशा होते आणि जगन्नाथपुरीला येणाऱ्या यात्रेकरूंवर ते कर घेत. १८०३ मध्ये कंपनीने पुरी घेतली. गव्हर्नर जनरल वेलस्लीने सुरुवातीला हा कर थांबवला, पण १८०६ च्या चौथ्या रेग्युलेशनने तो परत आला आणि त्याला सरकारी शिस्त लागली. यात्रेकरूंचे वर्ग ठरले. सगळ्यांत वरचा वर्ग लाल जात्रींचा. उत्तरेकडून येणाऱ्या लाल जात्रीला दहा रुपये आणि दक्षिणेकडून येणाऱ्याला सहा. त्याखाली निम लाल, मग भुरंग, आणि अगदी गरिबांसाठी पंजतीर्थी हा करमाफ वर्ग. उत्तरेच्या लोकांची वसुली अठरा नाला या पुलाशी होई. गयेला आणि प्रयागलाही कर होता. प्रयागच्या संगमावर पायी येणाऱ्याला एक रुपया पडे. तिथे राहिलेल्या फॅनी पार्क्स या इंग्रज बाईने नोंदवले आहे की भिकाऱ्यालाही हा रुपया सुटत नसे, आणि एका रुपयात एका माणसाचा महिनाभर सुखाने निर्वाह होई.

म्हणजे भोसले या एकाच आडनावाच्या दोन राजघराण्यांनी यात्रेकरूकडे दोन तऱ्हांनी पाहिले. एकाने वेशीवर नाकी ठेवली, दुसऱ्याने वाटेवर चुली पेटवल्या. कंपनीच्या वाट्याला दोन्ही वारसे आले. पुरीचे उत्पन्न तिने उत्साहाने वाढवले, तंजावरचा खर्च राजाच्या विनंतीवरून चालू दिला.

यात्राकराबद्दल राज्यकर्त्याला जाब विचारण्याची आपल्याकडे जुनी परंपरा आहे. अकबराने १५६३ मध्ये तो माफ केला होता. पुढे तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा गोदाकाठचे कवींद्राचार्य सरस्वती शाहजहानच्या दरबारात गेले आणि काशी-प्रयागचा कर उठवून आले. देशभरच्या पंडितांनी त्यांना जी मानपत्रे लिहिली त्यांचा ‘कवींद्रचंद्रोदय’ हा संग्रहच झाला. पण ही दरबारातली विनवणी होती. बादशहाने मानली तर मानली. उत्तर देणे त्याच्यावर बंधनकारक नव्हते.

ज्याला उत्तर देणे भाग आहे अशा मंत्र्याला यात्राकराविषयी प्रश्न विचारला गेला तो लंडनला. त्याच्या मुळाशी असलेला माणूस तंजावरलाही येऊन गेला होता. क्लॉडियस बुकॅनन हा कंपनीच्या नोकरीतला पाद्री १८०६ च्या जूनमध्ये पुरीला रथयात्रेच्या वेळी होता. तिथले मृत्यू, गर्दी आणि सरकारी वसुली यांचे वर्णन त्याने केले. तोच त्या वर्षीच्या ऑगस्टअखेर तंजावरला पोचला आणि सरफोजींना भेटला. सरफोजी हे श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेले, इंग्रजी उत्तम जाणणारे राजे. त्यांनी पाहुण्याला आपला वाडा दाखवला, आणि श्वार्ट्‌झचे चित्रही दाखवले. पुढे बुकॅननचे पुस्तक इंग्लंडमध्ये पुष्कळ वाचले गेले. त्यातली पुरी लोकांच्या ध्यानात राहिली. वाटसरूला जेवू घालणारे तंजावर त्या वादात कधी आले नाही.

१८१३ च्या सनदेच्या वेळी आणि नंतरही मिशनऱ्यांच्या बाजूचे लोक हा विषय लावून धरत होते. त्यांचा मुद्दा साधा होता. यात्रेकरू जितके जास्त तितके सरकारचे उत्पन्न जास्त, म्हणजे ख्रिस्ती सरकार मूर्तिपूजेत भागीदार झाले. १८३३ च्या फेब्रुवारीत बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष चार्ल्स ग्रँट यांच्या काळात कलकत्त्याला खलिता गेला की यात्राकर बंद करा आणि देवळांच्या कारभारातून अंग काढून घ्या. कलकत्त्याने तो दप्तरात ठेवला. वर्षामागून वर्षे गेली. १८३८ मध्ये मद्रासचे सरसेनापती सर पेरेग्रिन मेटलंड यांनी देवळांच्या उत्सवांत सैनिकांना मानवंदनेसाठी उभे करण्याच्या निषेधार्थ पद सोडले. त्याच वर्षी जुलैमध्ये कॉमन्स सभेत बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष सर जॉन हॉबहाउस यांना सभासदांनी घेरले. पाच वर्षांपूर्वीच्या हुकमाचे काय झाले? हॉबहाउस यांना नवा खलिता पाठवण्याचे कबूल करावे लागले आणि तो ऑगस्टमध्ये रवाना झाला. १८४० च्या दहाव्या कायद्याने प्रयाग, गया आणि पुरी इथला यात्राकर कायमचा उठला.

सभागृहात विचारलेल्या प्रश्नाने हे काम केले, हे मान्य केले पाहिजे. कवींद्राचार्यांना जे बादशहाच्या मर्जीने मिळाले, ते इथे मंत्र्याला आश्वासन द्यायला लावून मिळाले. पण या प्रश्नात यात्रेकरू कुठे होता? प्रश्न होता विचारणाऱ्यांच्या सदसद्विवेकाचा. हा पैसा आपल्या हाताला लागावा की नाही, एवढाच. प्रयागच्या गरिबाला एक रुपया म्हणजे काय, त्या रुपयातून वाटेवर विहीर झाली का, दवाखाना झाला का, हा आंदोलनाचा मुख्य सूर नव्हता. कर गेला, आणि करासोबत यात्रेकरूशी सरकारचा संबंधही संपावा, अशीच ती मागणी होती.

सरफोजींच्या पत्रात मात्र नेमका तोच विषय आहे. परक्या माणसाला आपल्या मुलुखातून जाताना काय मिळाले पाहिजे, याची त्यात कलमवार यादी आहे. १८२० ते १८२२ या काळात सरफोजी मोठा लवाजमा घेऊन काशी, प्रयाग, गया अशी त्रिस्थळी यात्रा करून आले. कराची नाकी तेव्हा जोरात चालू होती. ज्याच्या घराण्याने रामेश्वराच्या यात्रेकरूसाठी पिढ्यानपिढ्या भात रांधला, तो राजा स्वतः यात्रेकरू होऊन त्या नाक्यांच्या मुलुखातून गेला.

तरीही तंजावरचे चित्र सोज्वळ रंगवून थांबणे बरोबर होणार नाही. छत्रातला भात आकाशातून पडत नव्हता. तो कावेरीच्या खोऱ्यातल्या, छत्रांना लावून दिलेल्या गावांतून येई. त्या गावांचा वसूल राजाच्या खजिन्याऐवजी छत्राच्या कोठीत जाई. शेत मिरासदाराचे आणि चिखलात उभे राहून लावणी करणारे हात पळ्ळर आणि परयर मजुरांचे. त्यांतले पुष्कळ जमिनीशी बांधलेले होते. छत्रात ब्राह्मणापासून परयापर्यंत सर्वांना अन्न मिळे, पण पंगती एक नव्हत्या. पुरीला पाहुणा पैसे देत होता, तंजावरला यजमान. आणि यजमान म्हणजे राजा नव्हे, शेतात राबणारा माणूस. त्याच्या वतीने राजाला प्रश्न विचारणारी सभा तंजावरला नव्हती. लंडनला सभा होती, पण तिथे तो माणूस कोणाला ठाऊक नव्हता.

तो प्रश्न विचारण्याचा हक्क इकडे फार उशिरा आला. १८९२ च्या कायद्याने प्रांतिक कायदेमंडळांच्या सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण उत्तर आले की खाली बसायचे. उपप्रश्न विचारता येऊ लागला १९०९ नंतर. १९१९ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य हे खाते हिंदी मंत्र्यांकडे आले, तेव्हा कुठे नगरपालिकेच्या करांबद्दल आपल्याच माणसाने आपल्याच माणसाला सभागृहात उभे करणे शक्य झाले.

तोवर यात्राकर वेगळ्या रूपाने परतला होता. पंढरपूरच्या नगरपालिकेने तो एकोणिसाव्या शतकातच घ्यायला सुरुवात केली. आता त्याला धर्माचा नव्हे, आरोग्याचा आधार होता. वारीत पटकी येते, गटारे आणि पाणी यांना पैसा लागतो, तो गावकऱ्यांनी एकट्यांनी का द्यावा? हा युक्तिवाद खोटा नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये केंद्राने यात्रेच्या ठिकाणी जाणाऱ्या-येणाऱ्या रेल्वे प्रवाशांवर कर बसवण्यासाठी कायदाच केला. आज यात्रेकरूच्या जागी पर्यटक आला आहे. २०२४ मध्ये व्हेनिसने गर्दीच्या ठरावीक दिवशी, मुक्काम न करता येणाऱ्यांकडून ५ युरो घ्यायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून उटी आणि कोडाईकनालला जाणाऱ्या गाड्यांना मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ई-पास लागू लागला. पास म्हणजे कर नव्हे, पण वेशीवर थांबवून कोण कुठून आला हे विचारणे तेच.

अशा विषयांवर विधानसभांत तारांकित प्रश्न पडतात. किती रक्कम जमली, दर वाढवणार का, अमुक गावाला सूट देणार का? मंत्री आकडे देतात आणि पुढचा प्रश्न पुकारला जातो. तंजावर आणि पुरी शेजारी ठेवून पाहिले तर आकड्यापलीकडचे उपप्रश्न दिसू लागतात. पैसा पाहुण्याचा असेल तर पाहुण्याला त्यातून काय मिळाले? गावचा असेल तर गावात नेमके कोणाच्या शेतातून, कोणाच्या पाण्यातून तो आला? आणि कर परवडत नाही म्हणून जो वेशीवरूनच मागे फिरला, त्याची नोंद कोणत्या वहीत आहे?

१८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे पुत्रहीन वारले आणि तंजावरची गादी संपली. छत्रे सरकारी व्यवस्थेखाली गेली, आणि आजही त्यांचा कारभार जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीतून पाहिला जातो. त्यांचे जुने जमाखर्च मोडी कागदांत आहेत. तांदूळ किती, तूप किती, किती माणसे जेवली, असे सगळे मराठीत, तमिळ मुलुखात. बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर सरफोजींनी १८०३ मध्ये कोरवलेला भोसले घराण्याचा मराठी इतिहास आहे आणि तो पाहायला मराठी पर्यटक हौसेने जातात. त्यात पराक्रम आहेत, वंशावळ आहे. छत्रातली मध्यरात्रीची ती घंटा मात्र टोरिनला लिहिलेल्या पत्रातच सापडते. जेवायचे राहिलेले कोणी आहे का, हे सत्ताधाऱ्याने स्वतःहून विचारायचे, असा तो रिवाज होता. सभागृहातल्या प्रश्नाला मंत्री उत्तर देतो. तो प्रश्न कोणाचा राहून गेला, हे विचारायला अजून घंटा वाजवावी लागते.