अंगावर काढलेले दुखणे

दुखणे अंगावर काढायची सवय आपल्या बायकांना फार जुनी. खाप्यासारख्या कन्हानकाठच्या गावातून तपासणीला नागपूर गाठायचे, तर दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते आणि सांगायची लाज वाटते ती वेगळीच. त्यात गर्भाशयमुखाचा कर्करोग सुरुवातीला दुखतच नाही.

हा रोग होण्याआधीच ओळखता येतो, हे डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांच्या १९४३च्या पुस्तकाने अमेरिकेतल्या डॉक्टरांना पटवले. पुढे या ‘पॅप’ चाचणीने श्रीमंत देशांतले मृत्यू घटले. पण तिला प्रयोगशाळा आणि जाणकार लागतात. ते खेडोपाडी कुठून आणायचे?

यावर महाराष्ट्रातच दोन मोठे प्रयोग झाले. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांनी १९९८मध्ये मुंबईच्या झोपडपट्ट्यांत काम सुरू केले. दहावी शिकलेल्या बायकांना चार आठवडे शिकवून तयार केले. व्हिनेगरमधले आम्ल पातळ करून गर्भाशयमुखाला लावायचे; मिनिटभरात बिघडलेला भाग पांढरा दिसतो. दीड लाख स्त्रियांपैकी निम्म्यांची दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा तपासणी झाली. त्यांच्यातले या रोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०१३मध्ये जाहीर झाले.

दुसरा प्रयोग १९९९पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या साथीने झाला. त्यात १,३१,७४६ स्त्रिया होत्या. एकदाच केलेल्या व्हिनेगर चाचणीने तिथे मृत्यूंत ठळक फरक पडला नाही. मात्र एचपीव्ही विषाणूची चाचणी एकदाच होऊनही त्या गटात ३४ मृत्यू झाले; तपासणी न झालेल्या, जवळपास तेवढ्याच गटात ६४.

या ६४ जणींपाशी थांबायला हवे. तुलनेसाठी त्यांना नेहमीच्या व्यवस्थेवर सोडले होते. नेहमीची व्यवस्था म्हणजे काय, तर माहिती मिळते, तपासणी दारात येत नाही. यावरून पुढे जगभर वाद झाला. संशोधकांना जाब विचारणे रास्तच. पण ती व्यवस्था त्यांनी निर्माण केली नव्हती, ती आपली होती.

केंद्र सरकारने २०१६मध्ये तीस वर्षांवरील स्त्रियांची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याची आखणी केली. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांत अशी तपासणी कधीतरी झालेल्या दोनही भरल्या नाहीत.

चाचणी फुकट आहे, एवढ्याने भागत नाही. बुडणाऱ्या मजुरीचा हिशेबही कुणीतरी धरायला हवा.