मधुमेह आणि ऋतुचक्र : एका समजुतीचा इतिहास

प्रमेहाविषयीं आमच्या जुन्या वैद्यकाच्या टीकाग्रंथांत एक चमत्कारिक मत नमूद आहे. दर मासीं होणाऱ्या रजःस्रावानें स्त्रीचें सर्व शरीर शुद्ध होतें, म्हणून स्त्रियांस प्रमेह होत नाहीं, असें तें मत. ज्या सुश्रुतानें जन्मजात व अपथ्यजन्य असे प्रमेहाचे दोन प्रकार ओळखले, आणि पहिल्याचा रोगी कृश तर दुसऱ्याचा स्थूल असतो हें बारकाईनें टिपलें, त्याच परंपरेंत ही समजूत नांदावी याचें नवल वाटतें. ऋतूचा आणि साखरेचा संबंध आहे हें मात्र खरें; परंतु तो टीकाकारांनीं मानला त्याच्या अगदीं उलट निघाला, आणि तें कळावयास विसावें शतक उजाडावें लागलें.

कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ सालीं अमेरिकेंत डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हा होता. परंतु लहानपणींच मधुमेह जडलेल्या मुलीविषयीं त्या वेळच्या अमेरिकन विद्येसहि फारसें सांगतां आलें नसतें. अशा मुली वर्षा-दोन वर्षांत जात. पुढें डॉ. अ‍ॅलन यांनीं उपासमारीचा उपचार काढला. त्यानें आयुष्याचे थोडे दिवस वाढत, पण हाडांचा सांपळा झालेल्या मुलीची पाळीच बंद पडे. जेथें ऋतूच नाहीं तेथें त्याचा परिणाम पाहणार कोण? तरीहि १९१८ सालीं हॅरप व मोझेन्थल या अमेरिकन डॉक्टरांनीं पाळी आणि मधुमेहांतील आम्लविकार यांचा संबंध तपासून पाहिला होता.

११ जानेवारी १९२२ रोजीं टोरांटो येथें लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलास इन्सुलिनची पहिली सुई टोंचली गेली. त्याच वर्षीं एलिझाबेथ ह्यूज ही अमेरिकन परराष्ट्रमंत्र्यांची कन्या बँटिंग यांच्याकडे आली, तेव्हां तिचें वजन अवघें ४५ पौंडांच्या आसपास होतें. ती १९८१ पर्यंत जगली आणि तीन मुलांची आई झाली. इन्सुलिननें मुलें वांचलीं एवढेंच आपण सांगतों. पण त्यानें मधुमेही मुलीस यौवन दिलें, आणि यौवनाबरोबर हा प्रश्नहि दिला. प्रोजेस्टेरोन हें द्रव्य १९३४ सालीं शुद्ध स्वरूपांत वेगळें करण्यांत आलें. बीजमोचनानंतर तें शरीरांत वाढतें, आणि तें वाढलें कीं इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. त्यामुळें पाळीपूर्वींच्या आठवड्यांत नेहमींच्या मात्रेवरहि साखर चढते. रक्तस्रावाच्या सुमारास तें ओसरतें. तेव्हां वाढविलेली मात्रा तशीच ठेवली तर साखर एकदम उतरून मूर्च्छा येण्याचें भय. सर्वच स्त्रियांस हा अनुभव येतो असें नाहीं. १९७७ सालीं वॉल्श व मॅलिन्स या इंग्रज डॉक्टरांनीं स्त्रियांनाच विचारलें, तेव्हां कित्येकींनीं फरक पडतो म्हटलें, कित्येकींनीं नाहीं.

आतां आमच्या भागाकडे वळूं. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं कल्याणनजीकच्या लष्करी छावणीच्या जागीं राजाजींच्या हस्तें उल्हासनगरची कोनशिला बसली. सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या बराकींत, किंवा शेजारच्या अंबरनाथ-बदलापुरांत, त्या काळीं एखाद्या मुलीस हा रोग असेल तर तिच्या हातीं काय असणार? कांचेची पिचकारी, ती उकळावयाचें भांडें, औषध गार ठेवावयास मातीचा माठ, आणि बेनेडिक्टचें निळें द्रावण. लघवीबरोबर उकळलें असतां तें हिरवें, पिवळें, शेवटीं विटकरी होई. पण तें सांगे कांहीं तासांपूर्वींची गोष्ट, आणि कारण तर मुळींच नाहीं. महिन्याच्या ठराविक दिवसांत नळी विटकरी दिसली कीं घरचीं माणसें एकच निदान करीत असतील : पोरीनें चोरून गोड खाल्लें. आम्हांस या आरोपाची चीड येते. कारण पाळीचा उच्चार घरांत करावयाचा नाहीं असा दंडक, मग तिनें आपला बचाव तरी कसा करावा? र. धों. कर्वे यांचें ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ते १९५३ पर्यंत चाललें तें असल्या दंडकांशीं झगडतच. शिवाय बाहेर बसण्याचे दिवस म्हणजे नेमके साखर उतरण्याचे दिवस! ज्या घरांत डब्यास शिवावयाची बंदी, तेथें घाम सुटून हातपाय कांपूं लागलेल्या मुलीनें मूठभर साखर कोणाकडे मागावी?

आज बदलापुराहून लोकलनें मुंबईस जाणाऱ्या स्त्रीच्या दंडावर साखरमापक चकती असूं शकते. ती दर कांहीं मिनिटांनीं आंकडा सांगते. मात्र त्या आंकड्याशेजारीं पाळीची तारीख लिहिण्याचें काम अद्याप तिलाच करावें लागतें. दोनतीन महिन्यांच्या अशा नोंदी घेऊन ती डॉक्टरांकडे गेली, म्हणजे पाळीपूर्वीं मात्रा किती वाढवावी आणि कोणत्या दिवशीं ती पुन्हां उतरवावी, हें तिच्यापुरतें ठरवितां येतें.